आमच्या कपाटात भाटी (मांजरी) विणार आहे, काय काय तयारी करू?

अबोली – ९ एप्रिल, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आम्ही डोंबिवलीला पहिल्या मजल्यावर राहतो. गेल्या पावसाळ्यापासून एक भाटी आमच्या गॅलरीत येते. पांढऱ्या अंगावर काळी आणि तांबूस ठिगळं, म्हणून सासूबाईंनी तिचं नाव गोधडी ठेवलं. आधी फक्त मासळीच्या दिवशी यायची, आता दुपारची झोपसुद्धा आमच्याकडेच काढते.

महिनाभरात तिचं पोट दोन्ही बाजूंनी भरलंय, सड गुलाबी आणि ठसठशीत झालेत. परवापासून घरातले कोपरे हुंगत फिरतेय. काल कपाटाचं दार उघडं राहिलं, तर खालच्या खणात शिरून माझ्या साड्यांवर गोल फिरली आणि बसली. मी हाकललं नाही.

आमच्याकडे कधी मांजर व्यालेलं नाही. तिला खायला काय द्यायचं, जागा कशी करायची, विताना मी जवळ थांबायचं का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, पिल्लांना हात लावायचा की नाही? आई म्हणते, माणसाचा वास लागला की मांजर पिल्लं टाकते. त्यात माझ्या जाऊबाईंना पाचवा महिना आहे. शेजारच्या काकू म्हणतात, गरोदर बाईच्या घरात मांजर नको, आजच बाहेर काढा. मला तिला या अवस्थेत बाहेर काढवत नाहीये.

खारघरची खार – ९ एप्रिल, रात्री १०:२०

बाकीचं नंतर. कपाटात डांबर गोळ्या आहेत का? असतील तर आत्ता उठून काढा. मांजरांना ते विष आहे, नुसत्या वासाचाही त्रास होतो. साड्यांना वास मुरला असेल तर तो खणच तिला देऊ नका.

अबोली – ९ एप्रिल, रात्री १०:३१

होत्या! चार निघाल्या. साड्या बाहेर काढल्या, खण कोरड्या फडक्याने पुसून दारं उघडी टाकलीत. थँक्यू गं, हे डोक्यातच आलं नसतं.

कोकणवारा – ९ एप्रिल, रात्री ११:०५

आमच्या गावच्या घरी (राजापूर तालुका) मांजरं नेहमी आंब्याच्या पेटीत व्यायची. पेटीत गवत असायचं, त्यावर आजी जुनं लुगडं घालायची आणि पेटी चुलीमागे अंधारात सरकवायची. मग कुणी तिकडे फिरकायचं नाही. "बाळंतीण आहे ती, बघायला जाऊ नका," म्हणायची. आजीने हात लावलेला मी कधी पाहिला नाही आणि सगळी पिल्लं जगायची. तुमच्या आईचं बरोबर आहे, हात लावू नये.

गोठ्यातला डॉक्टर – १० एप्रिल, सकाळी ६:४०

मी पशुवैद्य, सातारा जिल्ह्यात. कामाचा मोठा भाग गाई-म्हशींचा, पण मांजरंही बरीच येतात. अबोलीताई, सविस्तर लिहितो.

मांजराचे दिवस साधारण ६३ ते ६५ असतात, दोन-चार इकडे-तिकडे. सड गुलाबी होतात ते तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास. तुमची भाटी जागा शोधतेय म्हणजे दिवस भरत आलेत.

खाणं: शेवटच्या दिवसांत पोटात जागा कमी असते, म्हणून थोडं थोडं चार-पाच वेळा द्या. पिल्लांसाठीचं कोरडं खाणं मिळतं, तेच गाभण आणि दूध पाजणाऱ्या मांजरीला द्यायचं, त्यात ताकद जास्त असते. सोबत बिनमिठाची, बिनकांद्याची शिजवलेली कोंबडी किंवा काटे काढलेला मासा. पाणी सतत भरलेलं. वाटीभर दूध देण्याची आपली रीत आहे, पण बऱ्याच मोठ्या मांजरांना गाईचं दूध पचत नाही, ढाळ लागतात. कॅल्शियमच्या गोळ्या मनाने सुरू करू नका, विण्याआधी दिल्या तर पुढे उलट त्रास होतो.

जागा: पुठ्ठ्याचं खोकं, तिला आडवं पसरता येईल एवढं. पुढची कड पाच-सहा इंच ठेवा, म्हणजे ती सहज आत जाईल आणि पिल्लं बाहेर लोळणार नाहीत. आत वर्तमानपत्र, वर जुनी सुती साडी. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत पिल्लांची नखं अडकतात. खोकं त्याच खणात ठेवा, जागा तिने निवडलेलीच राहू दे.

विताना: आदल्या दिवशी ती खाणं सोडते, अंग थोडं गार पडतं, गुरगुरत फेऱ्या मारते. कळा सुरू झाल्या की दिवा मंद करा, घरात वर्दळ नको. दोन पिल्लांत दहा मिनिटं ते तासभर जातो. कधी ती मध्येच थांबून झालेल्या पिल्लांना पाजते आणि बऱ्याच तासांनी उरलेली देते. शांत असेल, जोर करत नसेल, तर घाबरू नका. पण २० मिनिटं सलग जोर करूनही पिल्लू येत नसेल, अर्धवट अडकलं असेल, हिरवट पाणी येऊन पुढे काही होत नसेल किंवा लालभडक रक्त थांबत नसेल, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना आजच शोधून नंबर फ्रिजवर लावा.

प्रत्येक पिल्लामागे एक वार (नाळेला जोडलेला मांसल गोळा) पडते, मांजर ती बहुधा खाऊन टाकते. खाऊ द्या.

हात लावण्याबद्दल कोकणवाराशी मी सहमत नाही. वासामुळे मांजर पिल्लं टाकत नाही. भीतीने हलवते किंवा सोडते. तुमच्यावर विश्वास असलेल्या मांजरीची पिल्लं दिवसातून एकदा दोन मिनिटं उचलून वजन केलंत तर काही बिघडत नाही, आणि जीव वाचतो तो त्या वजनामुळेच.

कणीक – १० एप्रिल, सकाळी ९:१५

जाऊबाईंबद्दल लिहिते, कारण मी यातून गेलेय. माझ्या वेळी मावशी मांजर पोत्यात घालून सोडून यायला निघाली होती! माझ्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. भीती असते टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म परजीवीची. तो मांजराच्या विष्ठेतून येतो, पण पडल्या पडल्या नाही. लागण करण्याजोगा व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून वाळूचा ट्रे रोजच्या रोज साफ झाला पाहिजे आणि तो जाऊबाईंनी करायचा नाही, दुसऱ्याने करायचा. नीट न शिजलेलं मटण, न धुतलेला पाला, कुंडीतली माती यांतूनही तो येतोच, तिथेही तितकीच काळजी हवी. त्यांच्या डॉक्टरांना घरात मांजर आहे हे सांगा, गरज वाटली तर ते रक्ततपासणी करतील.

माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. मांजर त्याच्याच उशाशी झोपतं.

पुणेरी पगडी – १० एप्रिल, सकाळी ११:५०

एक वेगळा मुद्दा मांडतो, राग मानू नका. रस्त्यावरच्या मांजरीचे दिवस कमी असतील तर डॉक्टर गाभण असतानाही नसबंदी करतात. आमच्या पेठेत पिल्लं गाडीखाली येताना, कुत्र्यांच्या तोंडी जाताना इतकी पाहिली आहेत की मला आता तेच दयेचं वाटतं. अबोलीताईंच्या बाबतीत वेळ निघून गेलीय, पण पुढच्या खेपेसाठी डोक्यात असू द्या.

सावली – १० एप्रिल, दुपारी १:०२

पगडीकाका, मला हे वाचूनच कसंतरी झालं. भरल्या पोटी?

पुणेरी पगडी – १० एप्रिल, दुपारी १:४०

सावली, मलाही पहिल्यांदा तसंच झालं होतं. मी महिन्याला चार-पाच मांजरं घेऊन जातो. दर वेळी दवाखान्याच्या दारात मन कचरतं. तरी नेतो.

गोठ्यातला डॉक्टर – १० एप्रिल, रात्री ९:३०

दोघांचंही समजतं. दिवस भरत आल्यावर मी स्वतः ती शस्त्रक्रिया करत नाही, धोका वाढतो. पण विल्यानंतर मात्र टाळायची नाही. पिल्लं अंगावर पीत असतानाही भाटी पुन्हा माजावर येऊन गाभण राहू शकते, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं.

अबोली – १५ एप्रिल, पहाटे ३:२०

कुणी जागं आहे का? गोधडीला कळा सुरू झाल्यात. दोन पिल्लं झाली, १:५० आणि २:१५ ला. तिसरं आत्ता आलं पण ती त्याच्याकडे बघतच नाहीये, पिशवी तशीच आहे तोंडावर.

खारघरची खार – १५ एप्रिल, पहाटे ३:२१

पिशवी बोटांनी फाड, आधी तोंडापाशी. स्वच्छ सुती फडक्याने नाक-तोंड पूस आणि अंग चोळ. जोरात, घाबरू नकोस. डोकं थोडं खाली धर. गरगर फिरवू नकोस.

खारघरची खार – १५ एप्रिल, पहाटे ३:२३

आवाज आला का?

अबोली – १५ एप्रिल, पहाटे ३:३१

आला. इतका बारीक! सासूबाई शेजारी बसून त्यांच्या जुन्या पातळाच्या तुकड्याने चोळत होत्या. आधी निळसर होतं, मग जिभेचं टोक गुलाबी झालं, मग तोंड उघडून एक चिरका आवाज काढला. नाळ अजून लोंबतेय, काय करू?

खारघरची खार – १५ एप्रिल, पहाटे ३:३३

उकळलेला शिवणाचा दोरा पोटापासून इंचभर अंतरावर घट्ट बांध, त्याच्या पलीकडे स्वच्छ कात्रीने काप. ओढू नकोस. मग तिच्या तोंडासमोर ठेव, ती चाटेल.

अबोली – १५ एप्रिल, सकाळी ७:४५

चाटलं. चौथं ५:१० ला झालं, ते तिने सगळं स्वतःच केलं. एक काळं, दोन तांबूस-पांढरी आणि एक आईसारखं तीनरंगी. वारी मोजल्या, चार. आता चौघं ओळीने लुचतायत आणि ती पंजे उघडमीट करतेय. माझे हात अजून थरथरतायत. खार, तुला काय म्हणू?

खारघरची खार – १५ एप्रिल, सकाळी ७:५०

काही म्हणू नकोस, झोप. माझ्याकडे असंच एक पिल्लू मी नुसती बघत बसले म्हणून गेलं होतं. त्या रात्रीपासून शिकले.

कोकणवारा – १५ एप्रिल, सकाळी ८:३०

अभिनंदन! तीनरंगी आहे ती भाटीच, लिहून ठेवा. आमच्याकडे तीनरंगी बोका कुणी पाहिलेला नाही.

विज्ञानवेडी – १५ एप्रिल, सकाळी १०:१०

खरंय. तांबूस की काळा हे ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. दोन्ही रंग अंगावर यायला दोन एक्स लागतात, म्हणून तीनरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादी. बोका क्वचित कधी होतो, त्याच्याकडे एक एक्स जास्तीचा असतो. आणखी गंमत म्हणजे एकाच वितातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात.

खवय्या – १५ एप्रिल, सकाळी १०:४०

म्हणजे बारशाला दोन-तीन बोक्यांना आमंत्रण द्यावं लागणार. बोंबील जास्तीचे आणा!

सावली – १५ एप्रिल, सकाळी ११:२५

बारशाआधी पाचवी आहे. सटवाईला षष्ठी म्हणतात ना, त्या षष्ठीचं वाहन मांजर. बाळंतिणीची आणि तान्ह्यांची राखण करणारी देवीच मांजरावर बसते. शेजारच्या काकूंना हे नक्की सांगा.

अबोली – १५ एप्रिल, संध्याकाळी ६:००

सावली, हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी संध्याकाळी कपाटाबाहेर हळदीकुंकवाचं बोट लावलं.

गोठ्यातला डॉक्टर – १५ एप्रिल, रात्री ९:००

छान. आता वजन. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घ्या, त्यावर डबा ठेवून काटा शून्य करा, आत फडकं. रोज एकाच वेळी. जन्माचं वजन बहुतेक ९० ते ११० ग्रॅम असतं, रोज १० ते १५ ग्रॅम वाढ हवी. पहिल्या दिवशी जरा घटलं तर चालतं, पण सलग दोन दिवस वाढ नाही म्हणजे काहीतरी चुकतंय. आणि त्या खोलीत फिनेल बंद. लादी साध्या पाण्याने पुसा. मांजराच्या यकृताला फिनेल झेपत नाही, पंजाला लागतं आणि ती तो पंजा चाटते.

अबोली – १८ एप्रिल, सकाळी ८:१५

पहिल्या दिवसाचं आणि आजचं वजन लिहिते. काळं १०४, आज १२९. मोठं तांबूस ९८, आज १२४. तीनरंगी ९५, आज ११८. आणि ज्याला आम्ही चोळून जागं केलं ते छोटं तांबूस ७८, आज ७४. बाकीचे त्याला ढकलून देतात. सारखं रडतं. ड्रॉपरने गाईचं दूध देऊ का?

गोठ्यातला डॉक्टर – १८ एप्रिल, सकाळी ८:४०

गाईचं दूध नको. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट प्रथिनं असतात. त्याला ते पुरणार नाही आणि जुलाब लागले तर एका दिवसात हातचं जाईल.

आधी हात लावून बघा, गार आहे का. गार पिल्लाला दूध कधी पाजायचं नाही, पचत नाही. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवा आणि सरकायला जागा ठेवा, पोळायला नको. अंग कोमट झालं की बाकी तिघांना दहा मिनिटं उबेत बाजूला ठेवा आणि याला एकट्याला मागच्या सडाला लावा. तिथे दूध जास्त असतं. सड आधी तपासा. एखादा कडक, लाल, गरम असेल तर ताबडतोब दवाखाना. दिवसातून चार-पाच वेळा असं करा. तरीही उद्या वजन वाढलं नाही तर मांजराच्या पिल्लांची दुधाची पावडर आणा, डब्यावरच्या प्रमाणात, दर दोन-तीन तासांनी. पाजताना पोटावर, जसं ते आईला पितं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं.

कोकणवारा – १८ एप्रिल, सकाळी ९:२०

डॉक्टर, तुमचं वाचून रात्री आईला फोन केला. म्हटलं, आपल्याकडे सगळी पिल्लं जगायची ना? ती म्हणाली, "छे रे, दर वितात एक-दोन जायची. आजी पहाटेच उचलून परसात पुरायची, तुम्ही उठायच्या आत." मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. हात लावू नये हे माझं म्हणणं मी मागे घेतो.

अबोली – १९ एप्रिल, सकाळी ८:१०

७९!!!

खवय्या – १९ एप्रिल, सकाळी ८:१२

या धाग्यावर पेढे कुठे पाठवायचे?

कणीक – १९ एप्रिल, सकाळी ८:३०

ऑफिसच्या गाडीत वाचलं आणि मोठ्याने "वा!" म्हटलं. पोरगं माझं नसून मला एवढा आनंद.

न्यूजर्सीकर – २१ एप्रिल, सकाळी ७:००

उशिरा आलो, सगळा धागा एका बैठकीत वाचला. मी इथे निवाऱ्यातल्या बाळंत मांजरींना घरी ठेवून घेतो. दोन गोष्टी सांगतो. गोधडीच्या वागण्यावर पहिला महिनाभर लक्ष ठेवा. ती धापा टाकायला लागली, अंग थरथरलं, पाय ताठ झाले, चालताना तोल गेला, तर रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरलेलं असतं. तासाभराचाही उशीर चालत नाही. माझी एक मांजर तिसऱ्या आठवड्यात अशी झाली होती, सलाईनमधून कॅल्शियम दिल्यावर डोळ्यांदेखत सावरली. दुसरं, ताप किंवा दुखणं वाटलं म्हणून पॅरासिटामॉल कधीच देऊ नका. एका गोळीने मांजर दगावतं.

अबोली – २५ एप्रिल, रात्री १०:००

डोळे उघडले! काळ्याचा उजवा परवा, डावा आज. निळेशार आहेत. छोट्याचे अजून मिटलेले, पण वजन १३६. सासूबाई त्याला 'ढबू' म्हणतात, तो तसा व्हावा म्हणून.

एक वाईटही झालं. सोसायटीच्या एका सदस्यांना कळलं. म्हणाले, पोत्यात भरून स्टेशनपलीकडे सोडून येऊ, आम्हीच व्यवस्था करतो. मी दार लावून घेतलं.

पुणेरी पगडी – २५ एप्रिल, रात्री १०:२५

दार लावलंत ते उत्तम. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे. उपाशी मरेल अशा ठिकाणी प्राणी सोडून देणं हा त्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हा आहे. भांडू नका. समितीला शांतपणे लेखी द्या: मांजर आमच्या घरात आहे, पिल्लं मोठी झाल्यावर घरं शोधणार, आईची नसबंदी करणार. नसबंदीचा शब्द वाचला की निम्मा विरोध मावळतो, हा माझा अनुभव.

अबोली – ३ मे, सकाळी ९:४०

मंडळी, खोकं रिकामं आहे. रात्री चौघं होती, आता एकही नाही. गोधडी स्वयंपाकघरात बसलीय, मला बघते आणि तोंड फिरवते. माझ्या हातामुळे झालं का हे?

कोकणवारा – ३ मे, सकाळी ९:४८

नाही हो ताई. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतेच. ओट्याखाली, माळ्यावर, पलंगाच्या पेटीत बघा. तिला एकटी सोडा आणि कान द्या.

सावली – ३ मे, सकाळी ९:५५

काल घरात काही वेगळं झालं होतं का? पाहुणे, आवाज?

अबोली – ३ मे, सकाळी १०:५०

सापडली! काल बाजूच्या फ्लॅटमध्ये भिंत फोडायचं काम सुरू झालं, नेमकी आमच्या कपाटामागची. गोधडीने चौघांना जाऊबाईंच्या खोलीत नेलं. पलंगाखाली डोहाळजेवणाच्या साड्यांची पिशवी होती, ती फाडून त्यात. जाऊबाई सकाळपासून तिथेच झोपल्या होत्या, त्यांना पत्ता नाही. त्यांना हसू आवरत नाहीये. म्हणतात, राहू दे, आम्ही दोघी एकत्र बाळंतपण करू.

कणीक – ३ मे, सकाळी ११:०५

ट्रे मात्र दुसऱ्या खोलीतच ठेवा, आणि साफ तुम्हीच करा!

गोठ्यातला डॉक्टर – ३ मे, दुपारी २:३०

कारण बरोबर शोधलंत. आवाज, उजेड, बोक्याची चाहूल किंवा अंथरूण घाण झालं की ती हलवते. नव्या जागी स्वच्छ सुती कापड घाला, बाकी तिच्यावर सोडा. आता जंताचं औषध सुरू करून घ्या, डॉक्टरांकडे वजन सांगून. चौथ्या आठवड्यापासून बशीत मऊ खाणं ठेवा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर. आठ आठवड्यांच्या आत कुणालाही पिल्लू देऊ नका, कितीही मागितलं तरी.

अबोली – १४ जून, रात्री ९:२०

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. गोधडीची नसबंदी गेल्या मंगळवारी झाली. टाक्यांना चाटू नये म्हणून सासूबाईंनी जुन्या गंजिफ्रॉकला चार भोकं पाडून झबलं शिवलं. काळं आणि मोठं तांबूस कल्याणला एकाच घरी गेली, दोघं सोबत. तीनरंगीला खारने खारघरला नेलं. आणि शेजारच्या काकू, ज्यांनी मांजर बाहेर काढा म्हटलं होतं, त्या रोज चारला बोंबलाची डोकी उकडून आणतात.

ढबू इथेच राहतोय. आज काट्यावर ठेवला. पहिल्या दिवसापासून ज्या डब्यात वजन करत होते, त्यात तो मावेना. मागचे पाय आत, पुढचे बाहेर, आणि तोंड काट्याच्या आकड्यावर. शेवटी मी त्याला घेऊन वजनकाट्यावर उभी राहिले आणि माझं वजन वजा केलं. ८६० ग्रॅमच्या आसपास.

खारघरची खार – १४ जून, रात्री ९:२६

त्याच्या बहिणीचं ९१०. सध्या माझ्या चपलेत झोपलीय.